अललडुर्र ते तात्या विंचू

भुताचे किंवा राक्षसाचे विनोदी चित्रपट, तेही कमी पैशांत काढलेले, म्हटले की मराठीत दोन समजुती लगेच पुढे येतात. एक अशी की हा प्रकार अमेरिकेतून निघाला आणि हिंदीच्या वाटेने आपल्याकडे आला. दुसरी अशी की स्वस्तातला राक्षस पाहून प्रेक्षक हसतो, ते निर्मात्याची फजिती दिसते म्हणून. या दोन्ही समजुती मला मान्य नाहीत. घाबरवता घाबरवता हसवणारा, चार पैशांच्या सामानातून उभा राहिलेला राक्षस हा मराठी करमणुकीतला सर्वांत जुना नट आहे. मराठी रंगभूमीच्या पहिल्याच दशकात तो होता, सुशिक्षितांनी हाकलल्यावर तो जत्रेत आणि बालरंगभूमीवर गेला, आणि १९८० नंतर पडद्यावर परतला. ही परंपरा सलग दाखवता येते. ती जिथून सुरू होते ती जागा हॉलिवूडपासून फार दूर आहे.

ती जागा म्हणजे उत्तर कन्नड जिल्हा. त्याच्या जोयडा तालुक्यातले नंदिगड्डे हे गाव घ्या. तालुक्याच्या एका अंगाला गोवा, दुसऱ्या अंगाला बेळगाव, मधून काळी नदी आणि सगळीकडे दाट रान. जुने सुपे गाव काळीवरच्या धरणात बुडाले आणि तालुक्याचा कारभार जोयड्याला आला. हा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ पर्यंत मुंबईच्याच कारभारात राहिला. इथे कोकणी, मराठी आणि कानडी एकमेकींच्या अंगणात वाढल्या. करमणुकीच्या इतिहासात या जिल्ह्याचे देणे मात्र त्याही आधीचे आहे. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातली एक भागवत मंडळी सांगलीला आली आणि तिने तिथले राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्यासमोर खेळ केले. ही मंडळी घाटाखालच्या होन्नावरजवळच्या कर्की गावची, म्हणजे याच जिल्ह्यातली, असे अभ्यासक मानतात. तो खेळ पाहून असेच काही मराठीत व्हावे असे राजांच्या मनात आले आणि त्यांनी पदरच्या विष्णुदास भाव्यांना ते काम सांगितले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ झाले. तो दिवस आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो. पण त्या खेळात प्रेक्षक काय पाहायला येत होते, हे सहसा सांगितले जात नाही. ते मोठ्या संख्येने राक्षस पाहायला येत होते.

कर्कीकरांच्या या खेळात, म्हणजे यक्षगानात, राक्षसाच्या सोंगाला ‘बण्णद वेष’ म्हणतात. हे सोंग एकदम समोर येत नाही. दोघे जण एक कापड धरून उभे राहतात, त्यामागे राक्षस नाचतो, ओरडतो, आणि थोडाथोडा दिसतो: आधी किरीटाचे टोक, मग बोटे, मग रंगवलेला चेहरा. बाकीचा राक्षस चेंडे-मद्दळे या वाद्यांचा आवाज ऐकून प्रेक्षकाने आपल्या मनात पुरा करायचा असतो. भाव्यांनी कर्नाटकी खेळातले बरेच काही गाळले, पण राक्षसाचे महत्त्व त्यांनी ठेवले. त्यांच्या मंडळीत राक्षसपार्टी हा नटांचा वेगळाच गट असे. तोंड लाल-काळे रंगवलेले, केस मोकळे, हातात तलवारी, आणि पेटत्या मशालीवर राळेची मूठ फेकली की भपकन् उठणाऱ्या जाळातून हे नट ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकत उड्या मारत येत. लेखी संवाद नव्हतेच. पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे ऐनवेळी सुचेल ते बोलत. त्याच रंगमंचावर विदूषक डहाळ्या बांधून वावरत असे. म्हणजे भीती आणि थट्टा एकाच चौकात, एकाच वेळी, आणि सगळे साहित्य काय तर राळ, काजळ, मशाल आणि घसा. नाटक कंपन्यांच्या त्या पहिल्या पिढीला पुढच्यांनी नावच ‘अललडुर्र नाटके’ असे ठेवले. टोमणा म्हणून ठेवलेले हे नाव मला मात्र पुरावा म्हणून मोलाचे वाटते. लोकांच्या आठवणीत राम राहिला नाही, सीता राहिली नाही, राक्षसाची आरोळी राहिली.

मग हा राक्षस गेला कुठे? १८६१ मध्ये वि. ज. कीर्तन्यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले आणि लिहिलेले संवाद पाठ करून करायच्या ‘बुकिश’ नाटकांचा काळ सुरू झाला. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ उभे केले आणि संगीत नाटकाने शहरातल्या शिकलेल्या प्रेक्षकाचा कब्जा घेतला. या मंडळींनी मराठी रंगभूमीला फार मोठे वैभव दिले, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच वीस वर्षांत राक्षस असभ्य ठरला. आरडाओरडा, राळेचा जाळ, तलवारींची खणाखण हे गावंढळांचे झाले. सुशिक्षित नाटक राक्षसाशिवाय चालू लागले आणि तेव्हापासून ‘चांगली’ करमणूक आणि ‘घाबरवणारी’ करमणूक यांच्यात मराठीत एक भिंत उभी राहिली. ती आजही आहे. भूतपटाचे नाव काढल्यावर समीक्षक नाक मुरडतो त्याचे मूळ १८६१ ते १८८० च्या काळात आहे.

खेड्यात ही भिंत कधी उभीच राहिली नाही. दक्षिण कोकणात आणि गोव्यात दशावतार चालूच होता, आणि दशावताराचा पूर्वरंग पाहिला तर भाव्यांच्या खेळाशी त्याचे नाते लपत नाही: गणपती येतो, मोरावरची सरस्वती येते, आणि मग येतो संकासूर. हे सोंग जवळून पाहण्यासारखे आहे. नखशिखान्त काळा पोशाख, डोक्यावरून खांद्यापर्यंत ओढलेला काळ्या कापडाचा मुखवटा, त्यावर पांढऱ्या कडांचे मोठे डोळे, आणि तोंडातून लोंबणारी तांबड्या कापडाची जीभ. शिवणाऱ्याला सहज जमेल एवढेच ते काम. ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा हा दैत्य, विष्णूच्या हातून मरणारा. पण मरण्याआधी तो मालवणीत बोलतो, भटाशी हुज्जत घालतो, गावातल्या चालू घडामोडींवर शेरे मारतो. पुढच्या रांगेतली लहान मुले आईच्या मांडीत तोंड लपवतात आणि त्याच वेळी मागच्या रांगेतले बापये पोट धरून हसतात. रत्नागिरीकडच्या नमन-खेळ्यांतही संकासूर आहे. तिथे तो कमरेला घुंगरे बांधून, टोकदार टोपी आणि लांब दाढी लावून मुलांच्या मागे धावतो, आणि मुले किंचाळत पळतात ती पुन्हा त्याच्याच समोर येण्यासाठी. दशावतारी मंडळीचे सगळे सामान पेटाऱ्यात मावते. नेपथ्य म्हणजे एक बाकडे. नट दिवसा शेती करणारे, आपले तोंड आपणच रंगवणारे. जगात कुठेही कमी पैशाच्या राक्षसपटाचे जे वर्णन होईल, ते सगळे इथे वीज आणि कॅमेरा येण्याच्या आधीपासून आहे.

इथे खरा मुद्दा येतो. पैसा कमी असला की युक्ती उघडी पडते. संकासुराची जीभ कापडाची आहे हे लपवणे शक्यच नसते. अशा वेळी दोन मार्ग असतात: युक्ती लपवायचा केविलवाणा प्रयत्न करायचा, किंवा प्रेक्षकालाच युक्तीत भागीदार करून घ्यायचे. दशावताराने दुसरा मार्ग धरला. ‘ही जीभ कापडाची आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, आम्हालाही ठाऊक आहे, तरी घटकाभर घाबरू या’ असा तो करार आहे, आणि हसू ही त्या कराराची पावती आहे. म्हणून विनोदाला या प्रकारात घातलेला मीठमसाला समजणे चूक आहे. विनोद काढला तर भीतीही उभी राहत नाही, कारण तुटपुंज्या सामानाकडे प्रेक्षकाने डोळेझाक करावी यासाठी त्याला द्यायला दुसरे काहीच हाती नसते. अमेरिकन चित्रपटातल्या नामांकित राक्षसांच्या बाबतीत ही जोडी बरीच उशिरा जुळली. युनिव्हर्सलचे ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ १९३१ मध्ये आले ते गंभीर चेहऱ्याने. त्याच राक्षसांना ॲबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीसमोर उभे करायला १९४८ साल उजाडले. रॉजर कॉर्मनने ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ १९६० मध्ये दोन दिवस आणि एका रात्रीत चित्रित केला, तेव्हा स्वस्ताईतून निघालेले हसू तिकडे एक स्वतंत्र रीत बनू लागले. आपल्याकडे ती रीत जत्रेतल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेली होती.

यावर पहिला आक्षेप हिंदीत भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंच्या नावाने घेतला जातो. त्यांचे चित्रपट पाहून लोक हसले, पण रामशांनी हसवायचे ठरवले होते कुठे? आक्षेप अर्धा खरा आहे. ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा त्यांचा १९७० चा चित्रपट पडला, पण मुखवटा घातलेल्या पृथ्वीराज कपूरांच्या चोरीच्या प्रसंगाला लोक घाबरून टाळ्या देतात हे त्यांच्या लक्षात आले. मग सगळे भाऊ, बायका, नट आणि तंत्रज्ञ घेऊन ते महाबळेश्वरला गेले आणि साडेतीन लाखांच्या आसपास पैशांत ‘दो गज जमीन के नीचे’ करून परतले; १९७२ मध्ये तो चालला. हे काम हुबेहूब मंडळीचे आहे: एका कुटुंबाने स्वयंपाकापासून कॅमेऱ्यापर्यंत सगळे सांभाळायचे आणि मिळेल त्या वाड्यात खेळ लावायचा. आता हसण्याचे पाहा. १९८४ च्या ‘पुराना मंदिर’मध्ये एकीकडे रुरकीला शिकलेला इंजिनियर अनिरुद्ध अग्रवाल याचा सामरी हा सैतान आहे, आणि दुसरीकडे जगदीपचा मच्छरसिंग ‘शोले’ची नक्कल करत हिंडतो आहे. हसू रामशांच्या हिशेबात होतेच. चूक एवढीच की त्यांनी ते दुसऱ्या खोलीत ठेवले. सामरी हसत नाही आणि मच्छरसिंग घाबरवत नाही. विदूषक आणि राक्षस वेगळे काढल्यामुळे सामरीची रबरी कातडी एकटी पडली, आणि मग प्रेक्षकाने कराराविनाच हसायला सुरुवात केली. रामशांबद्दल मला आदर आहे. हिंदीत राक्षसाला कुणी उभे करत नव्हते तेव्हा त्यांनी केले. पण संकासुराच्या तोंडी बोली असते, सामरीच्या तोंडी फक्त गुरगुर आहे, आणि दोन परंपरांतले अंतर तिथेच दिसते.

मराठी पडदा वेगळ्या वाटेने गेला, कारण तिथे राक्षस रंगभूमीवरून आला. त्याची साक्ष एका नटाच्या कामातून मिळते. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात दिलीप प्रभावळकरांनी चेटकीण केली. घाबरवणारी, लाडात येणारी, मुलांना किंचाळायला आणि हसायला लावणारी ती चेटकीण म्हणजे संकासुराची शहरात येऊन राहिलेली बहीणच. शिकलेल्या रंगभूमीने मोठ्यांसाठी राक्षसाला बंदी केली होती, पण मुलांसाठी एक खिडकी उघडी ठेवली होती, आणि तो तिथून परत आला. १९८२ मध्ये ‘एक डाव भुताचा’ हा चित्रपट आला, लेखक द. मा. मिरासदार, मास्तर प्रभावळकर, भूत अशोक सराफ. या भुताला भयंकर रंगभूषा नाही. ते मिरासदारांच्या गावातल्या कुणाही इरसाल माणसासारखे वागते. १९९३ मध्ये महेश कोठारेंच्या ‘झपाटलेला’त तात्या विंचू हा बाहुल्यात शिरलेला गुंड आला, त्यातही प्रभावळकर. २००४ च्या ‘पछाडलेला’तही ते आहेत. आणि २०२५ च्या ‘दशावतार’ या चित्रपटात हाच नट म्हाताऱ्या दशावतारी कलावंताच्या भूमिकेत दिसला. चेटकिणीपासून दशावतारापर्यंतचा हा प्रवास एका माणसाच्या कारकिर्दीत मावतो, यावरून ही घराणी एकमेकांना किती जवळची आहेत ते कळावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. ‘झपाटलेला’ हा १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून घेतलेला आहे, गुंड मरतो, मंत्राने त्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो, ही कल्पना तिथलीच. मग परंपरा कसली? कल्पना तिथली आहे हे मी नाकारत नाही. पण अमेरिकेतला बाहुला दुकानात विकत मिळणारे, कारखान्यात बनलेले खेळणे आहे, आणि तो लहान मुलाच्या हाती पडतो. तिथली भीती बाजारातून घरात शिरलेल्या वस्तूची आहे. मराठीत तो बोलका बाहुला झाला आणि बोलक्या बाहुल्यांचे वेड असलेल्या लक्ष्याच्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेच्या हाती आला. एवढ्या एका बदलाने सगळे पालटले. ज्याला बाहुल्या बोलक्या करायचा छंद आहे त्याचा बाहुला बोलला, तर विश्वास कोण ठेवणार? तो घाबरून खरे सांगतो आणि समोरच्याला ती कला वाटते. भीती आणि हसू एकाच वाक्यातून निघतात, अगदी संकासुराच्या हुज्जतीसारखी. शिवाय बाहुला कुणी केला? रामदास पाध्यांनी. त्यांचे वडील यशवंत केशव पाध्ये यांनी शब्दभ्रमाची कला इथे रुजवली आणि अर्धवटराव हा बोलका बाहुला लोकांपुढे आणला. आणि याच रामदास पाध्यांनी विष्णुदास भाव्यांनी केलेल्या जुन्या लाकडी बाहुल्यांची डागडुजी करून त्या पुन्हा लोकांसमोर खेळवल्या. ‘सीतास्वयंवरा’च्या कर्त्याच्या बाहुल्या आणि तात्या विंचू एकाच माणसाच्या हातून गेले आहेत. नक्कल म्हणून या चित्रपटाला निकालात काढणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा. कथेचे बी बाहेरून आले, पण माती आणि मशागत इथली होती. भाव्यांनीही खेळाचा साचा कर्कीकरांकडूनच घेतला होता, आणि तरीही आपण त्यांना मराठी रंगभूमीचे जनक म्हणतो, ते योग्यच आहे.

तिसरा आक्षेप अंधश्रद्धेचा, आणि तो टाळून पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटेल. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. नंदिगड्डे ज्या राज्यात आहे त्या कर्नाटकानेही २०१७ मध्ये तसा कायदा केला. अशा समाजात भुते, मंत्र आणि मांत्रिक दाखवणारे चित्रपट गंमत म्हणून सोडून द्यावेत का? ‘झपाटलेला’मध्ये मंत्र खरोखरच लागू पडतो आणि तो देणारा ‘बाबा चमत्कार’ हा मांत्रिक खोटा ठरत नाही. तेव्हा हे चित्रपट अंधश्रद्धेविरुद्ध लढतात असा दावा मी करणार नाही. तो खोटा असेल. पण कायद्याचा रोख ज्या माणसावर आहे, त्याचा धंदा बंद खोलीत आणि गंभीर चेहऱ्याने चालतो. भूत खरे आहे, ते फक्त मलाच दिसते आणि फक्त मीच काढू शकतो, या तीन वाक्यांवर त्याची कमाई. विनोदी भूतपट या तिन्ही वाक्यांच्या उलट वागतो: भूत सगळ्या प्रेक्षकांना दिसते, त्याची दोरी आणि रंगही दिसतो, आणि घाबरलेला माणूस शेकडो शेजाऱ्यांसोबत हसत घरी जातो. भीतीला चारचौघांत आणणे हे काही थोडे काम नाही. गंभीर, काळ्याकुट्ट भयपटांकडून मला या बाबतीत जास्त धोका वाटतो.

स्वस्ताई गेली की हे हसूही जाईल, असेही काहींना वाटत होते. तसे झालेले नाही. महेश कोठारेंनी २०१३ मध्ये ‘झपाटलेला २’ त्रिमितीत आणला. आदित्य सरपोतदारांनी २०२२ मध्ये ‘झोंबिवली’त डोंबिवलीच्या इमारतींत झोंबी सोडले, आणि २०२४ मध्ये कोकणातल्या दंतकथेवर हिंदीत ‘मुंज्या’ केला. त्यातला मुंज्या संगणकावर घडवलेला आहे; त्याला कापडाची जीभ नाही, लपवायला दोरी नाही. तरीही तो बडबड्या आहे, हट्टी आहे, लग्नाच्या हव्यासापायी हास्यास्पद होतो आणि त्याच वेळी अंगावर काटा आणतो. चित्रपटाने शंभर कोटींच्या वर गल्ला जमवला. युक्ती पूर्ण लपवण्याची सोय असताना दिग्दर्शकाने हसण्याचा जुना करार मोडला नाही, यातच या सवयीची मुळे किती खोल आहेत ते दिसते. गरिबीने ही रीत जन्माला घातली असेल, पण आता ती गरिबीवर अवलंबून नाही. मुंज्या, खवीस, हडळ, देवचार यांच्याशी कोकणी-मराठी घरांचे बोलणे नेहमीच असे राहिले आहे, थोडे धाकाचे, थोडे सलगीचे.

म्हणून मराठी नाट्येतिहास आणि चित्रपटेतिहास लिहिणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. ‘झपाटलेला’, ‘एक डाव भुताचा’ यांना शेवटच्या पानावरच्या किरकोळ करमणुकीत ढकलू नका; त्यांना पहिल्या प्रकरणाशी, १८४३ च्या सांगलीशी जोडून वाचा. आणि त्या प्रकरणाचीही सुरुवात सांगलीत थांबवू नका. जोयडा, कारवार, होन्नावर या पट्ट्यात, नंदिगड्डेसारख्या रानातल्या गावांपासून खालच्या कर्कीपर्यंत, शिगम्याला आणि जत्रेला राक्षसाची सोंगे कशी निघत, तोंडे कशाने रंगवत, राळ कुठून आणत, पडदा कोण धरत, लोक कुठे घाबरत आणि कुठे हसत, याची नोंद कानडी आणि मराठी अभ्यासकांनी मिळून करायला हवी. हे काम त्या सोंगांत नाचलेली म्हातारी माणसे सांगायला आहेत तोवरच होऊ शकते.